तिथी बघून निघा: कुत्र्याला घेऊन कोकण किनाऱ्यावर

चिंगीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो भोगव्याला. लाटेवर भुंकली, मागे पळाली, परत गेली आणि तहान लागली म्हणून सरळ समुद्राचंच पाणी प्यायली. मी चपला हातात घेऊन पन्नास पावलं मागून येत होते. पोचेपर्यंत तिचं पिऊन झालं होतं. त्या रात्री चार उलट्या, पहाटेपर्यंत जुलाब. गोड्या पाण्याची बाटली गाडीत होती, किनाऱ्यावर नव्हती. एवढीच चूक, पण भोगली तिने.

त्यानंतर आम्ही दर वर्षी कोकणात जातो. चिंगी गावठी आहे, अठरा किलोची, आता नऊ वर्षांची. हा लेख तिच्या अनुभवावर बेतलेला असला, तरी लॅब्रॅडॉर असो की पॉमेरेनियन, कोकणात सगळ्यांना तेच ऊन, तीच भरती आणि तेच गोचीड.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आंबे असतात, पण दमट हवेत कुत्र्याचे फार हाल होतात. कुत्रं घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतं, आणि हवेत आधीच ओल असली की जिभेवरचं पाणी सुकतच नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर होळीनंतर कोकणात नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळा मीही टाळते. व्हाळ आणि पऱ्हे (ओढे-नाले) मिनिटांत फुगतात, ओले कान पिकतात, कातडीला बुरशी धरते. गणपतीत महामार्ग तुंबलेला आणि फटाके, शिमग्यात घरोघरी पालखी आणि ढोल. माणसांसाठी हे दोन्ही सण म्हणजे कोकणचा जीव आहेत. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याला मात्र त्या दिवसांत घरीच ठेवावं. आणि कुत्री माजावर असेल तर सहल पुढे ढकला. वाडीतले सगळे कुत्रे रात्रभर अंगणात जमतात, मग ना तुम्हाला झोप ना शेजाऱ्यांना.

महिनाभर आधीची तयारी

रेबीजची लस चालू आहे ना, हे कार्डावर बघा. त्यासोबत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप). भातशेती, उंदीर आणि साचलेलं पाणी यांमुळे कोकणात लेप्टो माणसांनाही होतो. कुत्र्यांच्या एकत्रित लशींपैकी काहींत लेप्टोची लस असते, काहींत नसते, म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा. पहिल्यांदाच देणार असाल तर दोन डोस लागतात, त्यांत काही आठवड्यांचं अंतर असतं. महिनाभर आधी म्हणते ते यासाठी.

गोचिडांसाठी महिनाभर किंवा तीन महिने टिकणारी चघळायची गोळी मिळते. ती निघायच्या दोन-तीन दिवस आधी द्या, पण कुत्र्याला कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. गोळी दिली म्हणून गोचीड अंगावर चढायचे थांबत नाहीत. चावल्यावर मरतात. त्यामुळे रोज संध्याकाळी हाताने शोधणं चुकत नाही.

पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा. पट्ट्यासोबत छातीचा हार्नेसही घ्या, कारण घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून पट्ट्यातून सुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याला दोन शब्द पक्के यायला हवेत: ‘ये’ आणि ‘सोड’. ‘बस’, ‘हात दे’ नाही आलं तरी चालेल. ‘सोड’ शिकवायला मी मुठीत चिकनचा तुकडा ठेवायचे. चिंगी हुंगायची, चाटायची, पंजा मारायची. ती स्वतःहून मागे सरली की दुसऱ्या हातातून त्याहून चांगला तुकडा. मग उघड्या तळव्यावर, मग जमिनीवर, मग रस्त्यावर चालताना. रोज पाच मिनिटं, महिनाभर. किनाऱ्यावर काय काय पडलेलं असतं हे पुढे वाचाल, तेव्हा हा महिना का घालवायचा ते कळेल.

प्रवास

स्वतःची गाडी सगळ्यात बरी. निघण्याआधी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. पुण्याहून ताम्हिणी, कराडहून कुंभार्ली, कोल्हापूरहून आंबा, फोंडा किंवा गगनबावडा, कुठूनही उतरलात तरी वळणं आहेतच. गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी उलटीचं औषध डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही नाही, ती कुत्र्यांना बाधतात.

कुत्रं मागच्या सीटवर, हार्नेस सीटबेल्टला अडकवलेला. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. दर दोन तासांनी उतरवा, पण दोरी हातात आल्याशिवाय दार उघडू नका. घाटात धबधब्याजवळ माकडं असतात आणि अनोळखी जागी सुटलेलं कुत्रं गाड्यांमध्ये सैरावैरा पळतं. चहाला थांबलात तर एकाने गाडीपाशी राहायचं. बंद गाडीत कुत्रं सोडून जेवायला जाणं डिसेंबरातही नको.

खाड्या ओलांडायला जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट, सोयीची: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. दापोलीकडून गुहागरला जाताना दाभोळची फेरी मोठा वळसा वाचवते. फेरीचा पत्रा उन्हात तापतो आणि इंजिनाचा हादरा पायांतून जातो. त्यामुळे चिंगीला मी गाडीतच ठेवते, काचा खाली करून, शेजारी बसून.

रेल्वेने न्यायचं असेल तर दोन मार्ग आहेत. फर्स्ट क्लास एसीत दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल, तर कुत्रं सोबत येतं. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. एसी टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. दोन्ही मार्गांना लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात आधी नोंद करावी लागते. पेटीतून मी चिंगीला कधीच नेणार नाही. कोकण रेल्वेवर बोगद्यामागून बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. अंधारात, त्या आवाजात, ओळखीचा माणूस जवळ नसताना कुत्र्याने काय समजायचं? शिवाय लहान स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात गार्डच्या डब्यापर्यंत पोचायचं असतं.

मुक्कामाचं घर ठरवताना

‘कुत्रं चालतं का?’ या प्रश्नाला फोनवर बहुतेक जण ‘चालतं’ म्हणतात. तेवढ्यावर थांबू नका. हे विचारा: तुमच्या घरी कुत्रं, मांजर, कोंबड्या आहेत का? आवाराला गडगा किंवा कुंपण आहे का? विहिरीला कठडा आहे का? उंदराचं औषध कुठे ठेवलंय? कुत्रं खोलीत झोपलेलं चालेल ना?

विहिरीचा प्रश्न उगाच नाही. जुन्या घरांच्या परसात जमिनीलगतच्या विहिरी असतात, वर नारळाच्या झावळ्यांचा झाप टाकलेला, आणि रात्री नवीन जागेत धावणाऱ्या कुत्र्याला तो कळत नाही. पोचल्यावर पहिलं काम म्हणून चिंगीला दोरीने बांधून पूर्ण आवाराला एक चक्कर मारते. विहीर, गोठा, सांडपाण्याचा खड्डा, लाकडांचा ढीग, गडग्यातली भोकं, सगळं बघून मगच पिशव्या आत.

रात्री कुत्रं खोलीतच. पडवीत नाही, खळ्यात बांधून तर नाहीच. कोकणात बिबट्या वाडीत येतो आणि कुत्रं हे त्याचं सोपं सावज आहे. गाववाले हे शांतपणे सांगतात, कारण त्यांची कुत्री अशी गेलेली असतात.

अंथरूण घरून न्या. स्वतःचा वास असलेली चादर मिळाली की कुत्रं पहिल्याच रात्री झोपतं, आणि यजमानांच्या गाद्यांना केसही लागत नाहीत.

किनाऱ्यावरचा दिवस

इथे घड्याळापेक्षा कालनिर्णय कामाचं. कोकणात भरतीचा अंदाज तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठला, पूर्ण ओहोटी. गावागावानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पक्की वेळ कोळ्यांना विचारावी.

याचा कुत्र्याशी संबंध असा. ओहोटीला उघडी पडणारी वाळू ओली, घट्ट आणि गार असते. वरची, सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू नऊनंतरच तापू लागते. हाताची मागची बाजू वाळूवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन झाली नाही तर कुत्र्याच्या तळव्यांनाही होणार नाही. म्हणजे आपल्याला ओहोटी हवी ती सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला, आणि ती मिळते पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस. अष्टमीच्या सुमारास उलटं: पहाटे सहालाच पाणी वर असतं आणि ओहोटी येते भर दुपारी बारा वाजता. म्हणून मी रजा टाकते ती तिथी बघून.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, हे मात्र विसरू नका. पाणी जेवढं लांब जातं तेवढंच वर येतं. खडकांच्या कोपऱ्याला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचं असेल, तर ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी जा आणि पाणी फिरायच्या आत परत या. कुत्र्याला कडेवर घेऊन लाटांतून खडक चढता येत नाही.

खडकांवर कालवं (चिकटलेले शिंपले) असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. चिंगीचा पुढचा पंजा एकदा कालवांवर उभा चिरला आणि उरलेले चार दिवस आम्ही पडवीत काढले. तेव्हापासून खडकावर दोरी आखूड, वाळूवर लांब.

पडलेल्या गोष्टींबद्दल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे वाळूवर राहतात. त्यांत केंड असतो, फुग्यासारखा फुगणारा, पांढऱ्या पोटाचा. वाळलेला असला तरी विषारीच, आणि त्या विषावर उतारा नाही. कुत्र्याने खाल्ला तर तोंड लुळं पडतं, पाय लटपटतात, श्वास थांबू शकतो. लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे निघायचं. शिंगाळा माशाचे काटे पंजात घुसतात आणि जबर सुजतात. जाळ्याचे तुकडे, गळ, निळ्या फुग्यासारखे जेलीफिश हेही आहेच. ‘सोड’ हा शब्द यासाठी. होड्या लागतात त्या जागेपासून चार हात लांब राहा. सुकत घातलेल्या मासळीवर एखाद्या घराचा आठवडा अवलंबून असतो, आणि तेवढं मीठ कुत्र्याला झेपतही नाही.

पोहायला नेताना गुडघाभर पाण्यातच, लांब दोरीवर. चेंडू लाटांत फेकू नका. फेकलेल्या चेंडूसोबत दर खेपेला घोटभर खारं पाणी पोटात जातं. दर पंधरा मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा, मागेपर्यंत थांबू नका. दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर ही घरातली गरज, किनाऱ्यावर दुप्पट धरा. चिंगीसाठी मी दोन लिटर नेते. परतल्यावर अंग गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या आणि कान कोरडे करा, नाहीतर खाज सुटते.

आणि कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हापासून हे काम किनाराभर पसरलंय. कुत्रं वास काढत वाळू उकरतं आणि दोन मिनिटांत घरटं संपवतं. त्या गावांत सूर्यास्तानंतर कुत्र्याला वाळूवर नेऊ नका, दिवसाही दोरी सोडू नका. कुंपण घातलेली हॅचरी (अंडी राखायची जागा) दिसली की लांबून वळा. ओहोटीला ओल्या वाळूत टिपणारे पक्षी हजारो मैल उडून आलेले असतात. त्यांच्या थव्यामागे कुत्रं पळवून फोटो काढणं मला बघवत नाही.

सडा, बाग आणि खाडी

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, कुत्र्यासोबत फिरायला फार सुंदर जागा, पण पहाटे. जांभा दगड दहा वाजता तव्यासारखा होतो आणि सावलीला झाड नसतं. बारसू, देवीहसोळ, कशेळी, कुडोपी इथली कातळशिल्पं बघायला जाल तेव्हा कुत्रं दोरीवर आणि कोरीव रेघांच्या बाहेर.

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. वीतभर-दीडवीतभर लांबीचं, दगडाच्याच रंगाचं, दिवसा दगडाखाली बसतं. चिडलं की अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. कुत्र्याला दगडाखाली नाक घालू देऊ नका, संध्याकाळनंतर सड्यावर थांबू नका. चावलंच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घ्या आणि वाटेतूनच डॉक्टरला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची माणसांना देतात तीच लस कुत्र्यालाही देतात. म्हणून मुक्कामाला पोचल्या दिवशीच जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे, डॉक्टर कधी असतात, सर्पदंशाची लस कुठे मिळेल, हे विचारून कागदावर लिहून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री नंबरही फोनमध्ये हवा.

हापूसच्या बागा मोहोर आल्यापासून फवारणीखाली असतात. मालकाला ‘फवारणी कधी झाली?’ विचारल्याशिवाय आत जाऊ नका आणि पिंपातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनची वेळ येते. काजूच्या ओल्या बोंडूची बी चावली तर टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. रानात डुकरांसाठी फासक्या लावलेल्या असतात, म्हणून पायवाट सोडून कुत्र्याला मोकळं सोडायचं नाही.

खाडीच्या काठी कांदळवनात चिखल खोल असतो. शिवाय चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि महाडच्या सावित्रीत मगरी आहेत. त्या नद्यांच्या काठावर कुत्र्याला पाणीसुद्धा पाजू नका.

वाडीत

पहिल्या वर्षी एका आजींनी पाणंदीत अडवून विचारलं, “तुमचो सुणो चावता काय?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “तरी बाय, तिका बांध. कोंबडे भायर आसत.” त्या एका वाक्यात सगळी रीत आली. तुमचं कुत्रं कितीही गुणी असो, समोरच्याच्या कोंबड्यांना ते माहीत नसतं. कोंबडी मारली गेलीच, तर लपवू नका. घरात जाऊन सांगा आणि मागतील ती किंमत द्या.

सारवलेल्या अंगणात, तुळशीपाशी, देवळाच्या आवारात, देवराईत, पाणवठ्यावर कुत्रं न्यायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यातही शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथे एकाने बाहेर थांबायचं. शी पिशवीत उचला, किनाऱ्यावरही, आणि पिशवी सोबत परत आणा. वाळूत पुरू नका.

वाडीतली कुत्री अंगावर येतात, ती बहुतेकदा त्यांची हद्द राखायला. काठी उगारली की भांडण पेटतं. मी चिंगीला दुसऱ्या बाजूला घेते, त्यांच्या डोळ्यांत न बघता तिरकी चालत राहते आणि शक्य असेल तर आल्या वाटेने वळते. शंभर पावलांवर त्यांची हद्द संपते. तुम्हाला किंवा कुत्र्याला चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जेवणात यजमान प्रेमाने माशाची आमटी पुढे करतात. कांदा, लसूण, तिखट, काटे, काहीच नको. साधा भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन सांगितलं तर कोणीही करून देतं. त्याचे पैसे वेगळे द्या. सोलकढीतही लसूण असते.

औषधांच्या पेटीत काय

गोचीड काढायचा चिमटा, बँडेज, सलाईनची बाटली, थर्मामीटर, ओआरएस, डॉक्टरने लिहून दिलेली जुलाब-उलटीची औषधं, लसीचं कार्ड, मोठा टॉवेल. थर्मामीटर उन्हाच्या तडाख्यासाठी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय अडखळले, तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला. बर्फ नको. उतार पडू लागला तरी दवाखान्यात न्याच, आतली इजा उशिरा दिसते.

परत आल्यावर

घरी पोचलात की आंघोळ, आणि मग बोटांनी शोध: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांमध्ये, शेपटीच्या मुळाशी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. तेल, रॉकेल, काडी लावायची नाही. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. कुत्रं जेवण सोडतंय, जिना चढताना थांबतंय, हिरड्या फिकट पडल्यात किंवा लघवी कॉफीसारखी दिसतेय, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: आम्ही कोकणात जाऊन आलोय.